प्रश्न तुमचे : गन नेमकी कुठं धरली होती?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच यंत्राबद्दल आहेत. पिस्तुलाच्या आकाराचं, वस्तूवर टेकवून घोडा दाबला की अर्ध्या-एक मिनिटात पडद्यावर तांबं इतकं, जस्त इतकं असं लिहून देणारं. कागदोपत्री त्याला पोर्टेबल एक्सआरएफ ॲनालायझर म्हणतात. भंगाराच्या धंद्यात, सराफ्यात आणि खाणीवर मात्र नुसतं गन. मी तुमसरकडे मँगनीजच्या नमुन्यांवर ही गन बरीच वर्षं चालवली आहे, म्हणून संपादकांनी पत्रं माझ्याकडे सोपवली. निवडक पत्रांना इथं उत्तर देते.

आमच्याकडे सासूबाईंचा पितळी गंज आहे. महालक्ष्म्यांची आंबील त्यातच होते. दर वर्षी कल्हई करून घेतो. दिरांच्या ओळखीच्या भंगारवाल्यानं गंजाला आतून गन लावली, तर शिसं २.८ टक्के आणि आर्सेनिक ०.१ टक्का दाखवलं. घरात दोन लहान लेकरं आहेत जी. गंज मोडीत काढू काय?
— वाचक भगिनी, लाखनी तालुका, जि. भंडारा

ताई, आर्सेनिकचं आधी सांगते, कारण त्या आकड्यानं तुमची झोप उडाली असेल.

गनमधून निघालेले क्ष-किरण धातूच्या अणूतल्या अगदी आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात. ती जागा भरायला बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन आत येतो आणि येताना एक नवा क्ष-किरण सोडतो. त्याची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते: तांब्याची ८.०५, जस्ताची ८.६४, कथिलाची २५.२७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. हेन्री मोझली या इंग्रज तरुणानं १९१३ मध्ये हा हिशेब बसवला, आणि दोनच वर्षांनी, सत्ताविसाव्या वर्षी, तो पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला मारला गेला. गन हातात घेतली की मला त्याची आठवण येतेच.

आता अडचण अशी की शिशाची मुख्य रेषा, म्हणजे त्याच्या किरणाची ऊर्जा, आहे १०.५५ वर आणि आर्सेनिकची १०.५४ वर. गनला त्या दोन वेगळ्या दिसत नाहीत. मग ती शिशाची दुसरी रेषा, १२.६१ वरची, पाहून शिसं किती ते ठरवते आणि उरलेला वाटा आर्सेनिकच्या नावावर टाकते. शिसं टक्क्यांमध्ये असलं की या वजाबाकीत थोडंफार उरतंच. तुमचं ०.१ टक्का बहुतेक तसंच आलेलं आहे. खात्री करायची तर भंगारवाल्याला पडद्यावरचा आलेख उघडायला सांगा. आर्सेनिकची स्वतःची दुसरी रेषा ११.७३ वर येते. तिथं काहीच उठलेलं नसेल, तर तो आकडा सोडून द्या.

शिशाचं तसं नाही. २.८ टक्के शिसं आहे म्हणजे आहे. पण ते कल्हईत आहे की पितळेत, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही, आणि भंगारवाल्यालाही कळलं नसणार. कारण त्यानं गन आतून धरली. कल्हईचा थर मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ असतो. गनचे किरण तो पार करून खालच्या पितळेपर्यंत जातात आणि तिथल्या शिशाचे किरण कल्हईतून परत वर येतात. पडद्यावर दोन्ही थरांची बेरीज दिसते.

म्हणून असं करा. गंजाच्या बाहेरच्या अंगाला, चिंचेनं घासून लख्ख केलेल्या जागी गन लावायला सांगा. मग कान किंवा कडी असेल तर तिथं वेगळी लावा, कारण कडी बहुतेक ओतीव असते आणि ओतीव पितळेत शिसं मुद्दाम घालतात. धातू नीट वाहतो आणि कातायला सोपा जातो. बाहेरून शिसं अगदी नगण्य आणि आतून दोन-तीन टक्के आलं, तर दोष कल्हईचा. बाहेरूनही तेवढंच आलं, तर पितळच शिशाचं आहे.

कल्हईचा दोष निघाला तर गंज मोडायची गरज नाही. जुनी कल्हई पूर्ण काढून शुद्ध कथिलाची करून घ्या. काही ठिकाणी कथिलाऐवजी कथिल-शिशाचं डाखाचं मिश्रण वापरतात. ते स्वस्त पडतं आणि लवकर वितळतं. शुद्ध कथिल २३२ अंशांना वितळतं, हे मिश्रण १८३ च्या आसपासच. कल्हईवाल्याकडची कांडी कानाजवळ धरून वाकवून पाहा. शुद्ध कथिल वाकताना करकरतं. शिसं मिसळलं की तो आवाज दबतो. आणि कांडीलाच गन लावता आली, तर सगळ्यात बरं. तिथं मधे दुसरा थर नाही, त्यामुळे आकड्यात घोळ नाही.

पितळच शिशाचं निघालं, तर त्यात आंबील नको. कढी नको, चिंचेचं सार नको. आंबट पदार्थ शिसं ओढून घेतो, आणि आंबील तर त्यात बराच वेळ राहते. गंज पूजेत मांडा, त्यात कोरडं धान्यही नको. लेकरांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आढळलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवावं, असा तिचा २०२१ चा सल्ला आहे. भांड्यातून अन्नात किती शिसं उतरतं हे गन सांगत नाही. ते प्रयोगशाळेत भांड्यात ४ टक्के ॲसिटिक आम्ल ठेवून, मग त्या आम्लातलं शिसं मोजून कळतं. भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो. सासूबाईंचा गंज उगाच भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि लेकरांच्या पोटात शिसंही जाऊ नये.

माहा पोरगा बुटीबोरीकडे एका भंगार कंपनीत लागला. दिवसभर थे एक्स-रेची बंदूक घेऊन स्टील वेगळं करते. मालक म्हन्ते काही होत नाही. शेजारीन म्हन्ते अंगात किरणं भरतात, कपडे बी अलग धुवा. पोराचं लग्न करायचं हाय. खरं काय थे सांगा.
— एक आई, जि. नागपूर

मावशी, कपडे अलग धुवायची काही गरज नाही. आजच्या गनमध्ये क्ष-किरणांची छोटी नळी असते. तिला ४०-५० हजार व्होल्टचा दाब मिळतो तेवढाच वेळ किरण निघतात. घोडा सोडला की नळी बंद, किरण बंद. अंगात, कपड्यात, तपासलेल्या लोखंडात काही भरून राहत नाही. तुमच्या घरात तो काही आणत नाही, आणि लग्नाला यात काही अडचण नाही. जुन्या काही यंत्रांत नळीऐवजी किरणोत्सारी पदार्थ असायचा, त्याची काळजी वेगळी. कुठलं यंत्र आहे ते त्याला विचारून घ्या.

पण "काही होत नाही" हे मालकाचं म्हणणंही मला मान्य नाही. घोडा दाबलेला असताना गनच्या तोंडाशी किरणांचा मारा चांगलाच तिखट असतो. भंगाराच्या कामात पोरं छोटा तुकडा डाव्या हातात धरतात आणि उजव्या हातानं गन टेकवतात. हे करू नये, कधीच करू नये. बोटं थेट झोतात येतात, आणि दिवसाला शेकडो तुकडे तपासले की तो मारा साठत जातो. तुकडा जमिनीवर किंवा लोखंडी टेबलावर ठेवायचा. छोटे तुकडे असतील तर कंपनीकडून झाकणाचा स्टँड मागायचा. मांडीवर ठेवून तपासायचं नाही. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असेल तर किरण आरपार जातात, म्हणून पलीकडे कोणी उभं नको. समोर तुकडा नसेल तर बऱ्याच गन आपोआप बंद होतात, पण त्या भरवशावर राहू नये.

असं यंत्र बाळगायला अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी लागते. किरणांसोबत काम करणाऱ्यासाठी मंडळानं मर्यादा घातली आहे: पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेल्या किरणांचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी वर्षाला १. नीट वागणारा माणूस त्या मर्यादेच्या फार खाली राहतो. छातीला लावायचा मोजणीचा बिल्ला असतो, टीएलडी म्हणतात त्याला. पोराला मिळतो का आणि त्याचा अहवाल त्याला दाखवतात का, हे विचारा.

आणखी एक गोष्ट, ती मला गनपेक्षा मोठी वाटते. भंगारात कधी कधी दवाखान्यातलं किंवा प्रयोगशाळेतलं किरणोत्सारी सामान चुकून येतं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० आलं, बरीच माणसं भाजली आणि एकाचा जीव गेला. असा पदार्थ जवळ असेल तर गन त्याची सूचना देत नाही. ते तिचं कामच नाही. त्यासाठी किरण मोजणारा वेगळा मीटर लागतो आणि तो यार्डच्या फाटकावरच हवा. शिशाच्या जाड खोक्यात बंद, आकाराच्या मानानं खूप जड, किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह असलेली वस्तू दिसली तर पोरानं ती फोडायची नाही, कापायची नाही, लांब व्हायचं आणि वर कळवायचं. एवढं त्याला नक्की सांगा.

गावात खताचा एक माणूस गन घेऊन आला. माझ्या वावरातल्या मातीत जस्त ८४ पीपीएम दाखवलं आणि म्हणाला, जस्त भरपूर आहे, तुम्हाला दुसरं औषध लागेल. माझ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर जस्त ०.४ आणि पुढं "कमी" असं लिहिलंय. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?
— कापूस उत्पादक, आर्वी तालुका, जि. वर्धा

दोन्ही आकडे खरे असू शकतात, भाऊ. चुकला तो निष्कर्ष.

गन मातीतलं सगळं जस्त मोजते: दगडाच्या कणात कोंडलेलं, चुनखडीला चिकटलेलं, सगळं एकत्र. आपली काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यात एकूण जस्त असतंच. लोखंड तर टक्क्यांमध्ये असतं. पत्रिकेसाठी प्रयोगशाळा वेगळं मोजते. दहा ग्रॅम मातीत डीटीपीए नावाचं द्रावण घालून दोन तास हलवतात आणि जेवढं जस्त द्रावणात उतरतं तेवढंच धरतात. लिंडसे आणि नॉर्व्हेल यांनी १९७८ मध्ये ही पद्धत मांडली. कपाशीच्या मुळाला साधारण काय मिळू शकेल याचा तो अंदाज आहे. किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या, म्हणजेच ०.६ पीपीएमच्या, खाली आलं की कमी समजतात. तुमचं ०.४ आहे. म्हणजे ८४ मधल्या दोनशे भागांतला एक भागही पिकाच्या हाती नाही. मातीचा सामू आठच्या वर आणि चुनखडी जास्त असेल तर जस्त असंच अडकून बसतं. नागपुरी संत्र्याच्या बागांत पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो, त्यातही जस्ताच्या कमतरतेचा मोठा हात असतो, आणि तिथंही गन लावली तर जस्त दिसेलच.

पत्रिकेवर चाला. झिंक सल्फेट साधारण हेक्टरी २० ते २५ किलो देतात; तुमच्या पत्रिकेवर शिफारस लिहिलेली असेल तीच धरा, शंका वाटली तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या माणसांना विचारा. पत्रिकेतल्या बारा गोष्टींपैकी नत्र, सेंद्रिय कर्ब, बोरॉन, सामू आणि क्षारता या तर गनला मोजताच येत नाहीत. नत्र आणि कर्ब हलकी मूलद्रव्यं, त्यांचे किरण गनच्या आतल्या मोजणीच्या भागापर्यंत पोचतच नाहीत.

शिवाय मला विचारायचं आहे, त्यानं गन वावरात ओल्या मातीवरच टेकवली होती ना? ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला की आकडे खाली येतात. आमच्याकडे पावसाळ्यात भिजलेल्या मँगनीजच्या ढिगावर गन धरली की माल आहे त्यापेक्षा हलका दिसायचा, आणि वाळवून, दळून, कपात दाबून भरला की खरा आकडा यायचा. मातीही तशीच वाळवून, दोन मिलिमीटरच्या चाळणीनं चाळून, बारीक करून तपासावी लागते. गन घेऊन गावोगाव फिरायचं आणि पडद्यावरचा आकडा दाखवून बाटली विकायची, याचा मला फार राग येतो. शेतकरी त्या यंत्रावर विश्वास ठेवतो, आणि त्या विश्वासाचे पैसे केले जातात.

मातीसाठी गन उपयोगाची नाही असं मात्र समजू नका. वावराजवळ कोणी जुन्या बॅटऱ्या गाळत असेल, राख टाकत असेल, तर शिसं कुठवर पसरलं आहे हे पावलापावलावर मोजायला तिच्यासारखं दुसरं साधन नाही.

आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, पोरांचे दात पिवळे पडलेत. गनने पाणी तपासून मिळेल का?
— ग्रामपंचायत सदस्य, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

नाही मिळणार. फ्लोरिन फार हलकं, त्याचा किरण ०.६८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा. तो हवेतच विरतो. कोणी गनने फ्लोराइड मोजून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत प्रत्येक बोअरचा नमुना वेगळा, बाटलीवर बोअरचं ठिकाण लिहून द्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅम मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. तोवर पाणी उकळून भागेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, उकळल्यानं पाणी आटतं आणि फ्लोराइड मागं राहतं. शाळेच्या हातपंपाचा नमुना सगळ्यात आधी पाठवा.

मी लोहार आहे. विळे, कुऱ्हाडी बनवतो. ट्रकचे पाटे भंगारातून आणतो, पण हल्ली मालात कायचंही लोखंड मिसळून येते. काही विळ्यांले धारच राहत नाही. भंगारवाल्याच्या गनवर दोन्ही तुकडे सारखेच लोखंड दाखवते. यंत्र खराब हाय काय?
— मूल तालुका, जि. चंद्रपूर

यंत्र ठीक आहे, दादा. धार धरते ती कार्बनमुळं, आणि कार्बन गनला दिसत नाही. साधी सळई आणि चांगला पाटा यांत लोखंड दोन्हीकडे ९७-९८ टक्के. फरक कार्बनचा, एकात ०.२ टक्के तर दुसऱ्यात ०.५-०.६. तेवढ्याशा फरकावर तुमचा विळा उभा आहे.

एक वाट आहे. पाट्याच्या पोलादात कार्बनसोबत मँगनीज, सिलिकॉन किंवा क्रोमियम घातलेलं असतं. भंगारवाल्याला लोखंडाच्या खालच्या ओळी वाचायला सांगा. क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास किंवा सिलिकॉन दीड-दोन टक्के दिसलं तर तो तुकडा पाट्याचा असण्याची शक्यता बरीच. सिलिकॉनसाठी तुकडा घासून चकचकीत करून घ्या, गंज आणि रंगाखालून तो दिसत नाही. कार्बन थेट वाचणारं लेसरचं हातयंत्रही आता मिळतं, पण ते भंगारवाल्याकडे क्वचितच असतं.

तुमच्या भट्टीजवळची परीक्षा मात्र याहून चांगली आहे. ग्राइंडरवर धरा. कमी कार्बनच्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, जास्त कार्बनच्या फुटतात, टोकाला फुलोरे येतात. मग छोटा तुकडा लाल करून पाण्यात बुडवा आणि कानस मारून पाहा. कानस घसरली तर पोलाद कडक होणारं आहे, चावली तर त्याचा विळा करू नका. पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची अडीच हजार वर्षांहून जुनी भट्टी सापडली आहे. आपल्या भागातल्या माणसांनी लोखंडाची पारख डोळ्यानं आणि हातानं फार आधीपासून केली आहे, आणि ती पारख तुमच्या पोरांकडे जावी.

आमचा महिला बचत गट वायगाव हळद दळून विकतो. पुण्याच्या एका खरेदीदारानं शिसं नसल्याचा पुरावा मागितला. गनवर तपासून दिलं तर चालेल का?
— बचत गट अध्यक्ष, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

ताई, पुरावा म्हणून नाही चालणार, चाळणी म्हणून उत्तम चालेल.

हळदीला पिवळाजर्द रंग यावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट चोळतात, बहुतेक वेळा कांड्या पॉलिश करताना. ते शिसं आणि क्रोमियम मिळून झालेलं विष आहे. बांगलादेशात २०१९ मध्ये सरकारनं बाजारात गन नेऊन जागच्या जागी हळद तपासली, भेसळ करणाऱ्यांना दंड केला, लोकांना सांगितलं. त्या वर्षी बाजारातल्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत शिसं होतं, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात नव्हतं. गनचं याहून चांगलं काम मला माहीत नाही.

तुम्ही असं करा. पूड चांगली वाळलेली घ्या. गनचे किरण हळदीत धातूपेक्षा बरेच खोल जातात, म्हणून पातळ थर चालत नाही. कपात निदान दोन सेंटिमीटर दाबून भरा. एक मिनिट तरी गन चालू ठेवा. शिसं आणि क्रोमियम दोन्ही उठले आणि शिसं क्रोमियमच्या साधारण चौपट निघालं, तर रंग घातलेला आहे असं समजा. नुसतं थोडं शिसं असेल तर माती, चक्की, पॉलिशचा ड्रम यांच्यावर नजर टाका. हळदीतल्या शिशासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा १० पीपीएम आहे. त्याच्या आसपासचा आकडा गनवर आला तर त्यावर निर्णय घेऊ नका.

खरेदीदाराला द्यायचा कागद मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेचाच हवा. प्रत्येक लॉटमधून वर, मधे, खाली अशा तीन ठिकाणची पूड एकत्र करा. तिचे दोन भाग करा, एक प्रयोगशाळेला पाठवा आणि दुसरा लॉट नंबर, तारीख आणि दोघींच्या सह्या घालून, सीलबंद करून गटाकडे ठेवा. उद्या दुकानात कोणी तुमच्या हळदीत दुसरी हळद मिसळली, तर तो सीलबंद भाग तुमच्या बाजूनं बोलेल. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पाकिटावर ते नाव छापण्याआधी त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमच्या गटाची नोंदणी झाली आहे का, तेही पाहून घ्या.